चष्म्याला निरोप देण्यापूर्वी: लेसर नेत्रशस्त्रक्रियेच्या लाभ-हानीचा विचार

पानिपत - चष्म्याचा नंबर घालवणारी म्हणून ओळखली जाणारी लेसर शस्त्रक्रिया ही आज जगात मोठ्या प्रमाणावर केल्या जाणाऱ्या ऐच्छिक शस्त्रक्रियांपैकी एक आहे. ती करून घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य समाधानी असतात, हे अनेक अभ्यासांनी दाखवून दिले आहे. तथापि, ही शस्त्रक्रिया आजारी डोळ्यावर नव्हे, तर चष्मा लावून उत्तम पाहू शकणाऱ्या निरोगी डोळ्यावर केली जाते, आणि तिच्यात डोळ्याचा जो अंश काढला जातो तो पुन्हा बसवता येत नाही. त्यामुळे सरासरी धोका किती, या प्रश्नाइतकाच तो कोणाच्या वाट्याला येण्याचा संभव आहे, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर बव्हंशी शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत दडलेले असते.

मराठी वाचकाला पानिपत हे नाव १४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामामुळे परिचित आहे. आजचे पानिपत हे हरियाणातील वस्त्रोद्योगाचे, तेलशुद्धीकरणाचे आणि दिल्ली-अंबाला महामार्गावरील अहोरात्र वाहतुकीचे शहर आहे. कापडगिरण्यांतील धूळ, हिवाळ्यातील धूर आणि धुके, रात्रीचा प्रवास, आखाड्यांतील कुस्ती आणि सैन्यभरतीची तयारी करणारा तरुणवर्ग या साऱ्यांमुळे लेसर शस्त्रक्रियेचा हिशेब येथे पुस्तकी सरासरीपेक्षा काहीसा निराळा मांडावा लागतो.

शस्त्रक्रिया नेमके काय करते?

डोळ्याच्या दर्शनी भागावर घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते. त्याला पारपटल अथवा कॉर्निया म्हणतात. प्रकाश वळवून तो डोळ्याच्या मागील पडद्यावर एकवटण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हे पारपटलच करते. डोळा प्रमाणापेक्षा लांब असेल किंवा पारपटलाची वक्रता अधिक असेल, तर प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते आणि दूरचे धूसर दिसते. हाच उणे नंबर होय. डोळा आखूड असेल तर अधिक नंबर येतो, आणि पारपटलाची वक्रता सर्व दिशांनी सारखी नसेल तर सिलिंडरचा नंबर येतो.

चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स हा दोष बाहेरून भिंग लावून दूर करतात. लेसर शस्त्रक्रियेत पारपटलाचाच आकार बदलला जातो. उणे नंबर असल्यास मध्यभाग किंचित सपाट केला जातो. अधिक नंबर असल्यास कडेचा भाग काढून मध्यभाग उंच केला जातो. डोळ्याची लांबी मात्र होती तेवढीच राहते. ही साधी गोष्ट पुढील अनेक मर्यादांच्या मुळाशी आहे.

टर्कीच्या तुकड्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत

पारपटलाचा आकार बदलून नंबर घालवण्याची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. कोलंबियातील बोगोटा येथे होजे बराकेर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास त्या दिशेने प्रयोग आरंभले होते. १९७० च्या दशकात मॉस्कोचे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी पारपटलावर चाकूने चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देण्याची पद्धत लोकप्रिय केली. ती कालांतराने मागे पडली, कारण छेद दिलेले पारपटल कमकुवत होत असे आणि नंबर वर्षानुवर्षे सरकत राही.

निर्णायक शोध एका भारतीय वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाशी निगडित आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेतील आयबीएमच्या संशोधनकेंद्रात काम करीत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर एक्सायमर लेसरचे स्पंद सोडले. आसपासचा भाग न जळता अत्यंत रेखीव खाच पडल्याचे दिसून आले. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अतिनील प्रकाश ऊतीतील रेणूंचे बंध तोडतो आणि प्रत्येक स्पंदागणिक मायक्रोनच्या काही अंशाएवढाच थर उडवतो. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासमवेत श्रीनिवासन यांनी हे तंत्र पारपटलासाठी वापरता येईल, असे प्रसिद्ध केले. श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल ब्लम व जेम्स वाइन यांना याच शोधासाठी अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यात आले.

तीन पद्धती, तीन निराळे हिशेब

आज प्रामुख्याने तीन पद्धती प्रचलित आहेत.

पहिली आणि सर्वांत जुनी पद्धत पीआरके या नावाने ओळखली जाते. दृष्टी असलेल्या मानवी डोळ्यावर ती १९८८ मध्ये प्रथम करण्यात आली. तीत पारपटलाचा सर्वांत वरचा पेशीथर अलगद बाजूला काढून खालील भागावर लेसर सोडला जातो. वरचा थर तीन ते पाच दिवसांत पुन्हा वाढतो. तोवर डोळा बोचतो, पाणी येते आणि दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. क्वचित पारपटलावर पुसट धूसरपणा येतो. मात्र या पद्धतीत पापुद्रा कापला जात नाही.

दुसरी पद्धत लॅसिक. ग्रीसमधील क्रीट बेटावरील योआनिस पॅलिकारिस यांनी १९८९ च्या सुमारास तिला आजचे स्वरूप दिले. तीत पारपटलाचा सुमारे १०० ते १२० मायक्रोन जाडीचा पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटला जातो, खाली लेसर सोडला जातो आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवला जातो. पूर्वी हा पापुद्रा यांत्रिक पात्याने कापला जाई. २००० नंतरच्या काळात त्यासाठी फेम्टोसेकंद लेसर वापरात आला. वेदना अल्प आणि दुसऱ्याच दिवशी स्पष्ट दृष्टी हे लॅसिकचे मोठे आकर्षण. पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच जुळत नाही, ही तिची उणी बाजू.

तिसरी पद्धत स्माइल. तीत फेम्टोसेकंद लेसरने पारपटलाच्या आतच भिंगाच्या आकाराची सूक्ष्म चकती कोरून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून काढली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, अर्थात एफडीएने, तिला २०१६ मध्ये मान्यता दिली. पापुद्रा नसल्याने मज्जातंतू तुलनेने कमी कापले जातात. मात्र अधिक नंबरासाठी लॅसिक आणि पीआरके यांचाच अनुभव अधिक आहे.

कोणतीही पद्धत सर्वांसाठी श्रेष्ठ नाही. जाहिरातीत नव्या यंत्राचे नाव मोठ्या अक्षरांत असले, तरी रुग्णाच्या डोळ्याची मापे आणि त्याचा व्यवसाय यांवरूनच पद्धत ठरली पाहिजे.

लाभाची बाजू

लाभ वास्तव आहेत आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. योग्य निवड झालेल्या रुग्णांपैकी बहुतेकांना चष्म्याविना वाहन चालवण्याइतकी दृष्टी मिळते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मार्च २००६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही, योग्य रुग्ण निवडल्यास ही शस्त्रक्रिया सुरक्षित व परिणामकारक असल्याचे म्हटले होते.

एफडीएने अमेरिकी संरक्षण विभाग आणि राष्ट्रीय नेत्रसंस्था यांच्या सहकार्याने केलेले प्राउल नावाचे दोन अभ्यास या संदर्भात विशेष उद्बोधक आहेत. त्यांत नौदलातील २६२ कर्मचारी आणि ३१२ नागरिक सहभागी होते. शस्त्रक्रियेनंतर ९५ टक्क्यांहून अधिक सहभागींनी आपल्या दृष्टीविषयी समाधान व्यक्त केले.

तुलना करताना आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. चष्मा हा सर्वांत निर्धोक उपाय असला, तरी कॉन्टॅक्ट लेन्स पूर्णतः निर्धोक नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासानुसार, दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्या दहा हजार व्यक्तींमागे वर्षाला सुमारे दोघांना पारपटलाचा जंतुसंसर्ग होतो. रात्रीही लेन्स ठेवणाऱ्यांत हे प्रमाण दहा हजारांमागे सुमारे १९ ते २० पर्यंत जाते. धुळीच्या जागी काम करणारी आणि लेन्स न काढता झोपणारी व्यक्ती शस्त्रक्रियेला भिते, परंतु अधिक धोका रोजच पत्करत असते, असे चित्र त्यामुळे दिसते.

धोक्याची बाजू

त्याच प्राउल अभ्यासांची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शस्त्रक्रियेपूर्वी दृष्टीची कोणतीही तक्रार नसलेल्या सहभागींपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनंतर किमान एक नवे लक्षण सांगितले. दिव्याभोवती तेजोवलय दिसणे, प्रकाश फाकणे, किरण फुटल्यासारखे भासणे अथवा प्रतिमा दुहेरी दिसणे अशी ही लक्षणे होती. पूर्वी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवू लागला. या लक्षणांमुळे दैनंदिन व्यवहारात मोठी अडचण आलेले एक टक्क्याहून कमी होते. शिवाय ज्यांना आधीपासून त्रास होता, त्यांतील अनेकांचा त्रास शस्त्रक्रियेनंतर कमी झाला, हेही नोंदवले गेले.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ‘समाधानी’ आणि ‘निर्दोष’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत. रात्री दिव्याभोवती वलय दिसत असूनही चष्मा सुटल्याच्या आनंदात अनेकजण समाधानी राहतात. परंतु ज्याचा चरितार्थच रात्रीच्या वाहनचालनावर आहे, त्याच्यासाठी तेच वलय क्षुल्लक ठरत नाही.

कोरडेपणाचे कारण शरीररचनेत आहे. पारपटल हा शरीरातील सर्वाधिक संवेदनशील भागांपैकी एक असून त्यातील सूक्ष्म मज्जातंतू अश्रू स्रवण्याचा संदेश पाठवतात. पापुद्रा कापताना ते तुटतात आणि पुन्हा वाढण्यास महिने लागतात. बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरात ओसरतो. फार थोड्यांमध्ये मात्र मज्जातंतूंची चुकीची जुळणी होऊन जुनाट वेदना उरतात. तपासणीत डोळा निरोगी दिसतो आणि रुग्णाचे दुःख इतरांना पटत नाही. अशा रुग्णांच्या तक्रारी एप्रिल २००८ मध्ये एफडीएच्या तज्ज्ञ समितीसमोरील जाहीर सुनावणीत मांडल्या गेल्या. जुलै २०२२ मध्ये त्याच प्रशासनाने रुग्णांना संभाव्य दुष्परिणामांची स्पष्ट कल्पना देण्यासंबंधी मार्गदर्शनाचा मसुदा प्रसिद्ध केला.

याखेरीज जंतुसंसर्ग, पापुद्र्याखालील दाह, पापुद्र्यास सुरकुती पडणे, नंबर कमी-अधिक उतरणे आणि काही वर्षांनी थोडा नंबर परतणे हे संभव असतात. सर्वांत गंभीर दूरगामी गुंतागुंत म्हणजे पारपटल हळूहळू पातळ होऊन पुढे फुगणे. वैद्यकीय भाषेत तिला एक्टेझिया म्हणतात. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तिचे प्रमाण साधारणतः ०.०४ ते ०.६ टक्के आढळले आहे. ती वर्षांनंतरही उद्भवू शकते आणि तीत चष्म्यानेही दृष्टी पूर्ववत सुधारत नाही. रिबोफ्लेविनचे थेंब व अतिनील प्रकाश यांच्या साह्याने पारपटल कडक करण्याचा उपचार तिची वाढ रोखू शकतो. भारतात तो सी-थ्री-आर या नावाने परिचित आहे. मात्र गेलेला आकार तो पूर्णतः परत आणत नाही.

मायक्रोनचा हिशेब

एक्टेझियाचा धोका मोठ्या प्रमाणात आधीच मोजता येतो. त्यासाठीचे गणित सर्वसामान्य वाचकालाही समजण्याजोगे आहे.

मध्यभागी पारपटलाची सरासरी जाडी सुमारे ५४० मायक्रोन असते. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर लेसर सोडल्यास प्रत्येक एक नंबरामागे सुमारे १४ मायक्रोन ऊती खर्ची पडते. लॅसिकनंतर पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रोन, आणि अनेक तज्ज्ञांच्या मते ३०० मायक्रोन, जाडी अस्पर्श राहिली पाहिजे. पापुद्रा आणि खर्ची पडलेला भाग मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांपर्यंत जात असल्यास धोका वाढतो, असेही २०१४ पासूनच्या अभ्यासांनी दाखवले आहे.

आता दोन डोळे कल्पावेत. पहिल्याची जाडी ५४० मायक्रोन आणि नंबर उणे ४. पापुद्रा ११० मायक्रोनचा धरल्यास लेसरने ५६ मायक्रोन जातील आणि खाली ३७४ मायक्रोन उरतील. बाधित भाग सुमारे ३१ टक्के. दुसऱ्याची जाडी ४९० आणि नंबर उणे ८. येथे ११२ मायक्रोन खर्ची पडतील, खाली केवळ २६८ उरतील आणि बाधित भाग ४५ टक्क्यांवर जाईल. दोघे एकाच रुग्णालयात, एकाच यंत्राखाली झोपले, तरी त्यांचा धोका एक नाही. नंबर जितका जास्त, तितकी चष्मा सोडण्याची ओढ अधिक. आणि नेमका तेथेच सुरक्षिततेचा अवकाश आकुंचित होतो.

जाडी पुरेशी असली तरी आकार सदोष असू शकतो. केरॅटोकोनस या विकारात पारपटल आपसूकच शंकूसारखे पुढे येते. त्याची सुरुवात बहुधा किशोरवयात होते, आणि प्रारंभी केवळ सिलिंडरचा नंबर वाढत जातो. अशा डोळ्यावर लेसर सोडणे म्हणजे आधीच खचू लागलेली भिंत आणखी तासणे होय.

भारतात या विकाराकडे विशेष लक्ष देण्याची गरज आहे. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात तिशीपुढील ४,६६७ व्यक्तींच्या तपासणीवर आधारित, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केरॅटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के आढळले. अमेरिकेतील १९८६ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात ते लाखामागे सुमारे ५४ एवढेच होते. दोन्ही ठिकाणी निदानाचे निकष निराळे असल्याने थेट तुलना करता येत नाही. तरीही पाश्चात्त्य देशांतील धोक्याचे आकडे भारतीय डोळ्यांना जसेच्या तसे लावू नयेत, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो. म्हणूनच पारपटलाच्या पुढील व मागील पृष्ठभागाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी अथवा टोमोग्राफी ही तपासणी टाळून कोणतीही लेसर शस्त्रक्रिया होता कामा नये.

पानिपतच्या हवेत, पानिपतच्या कामांत

पानिपतची ख्याती हातमाग, चादरी आणि ब्लँकेट यांसाठी आहे. देशोदेशीचे जुने कपडे येथे येतात, त्यांचे तंतू सुटे केले जातात आणि त्यांपासून पुन्हा धागा काढला जातो. या कामात तंतूंची धूळ अटळ असते. धूळ आणि ॲलर्जीने खाजणारे डोळे सतत चोळण्याची सवय केरॅटोकोनसशी निगडित असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे गिरणीत काम करणाऱ्या आणि डोळे लाल होण्याची तक्रार असणाऱ्या व्यक्तीने आधी ॲलर्जीचा उपचार करून घेणे, चोळण्याची सवय मोडणे आणि मगच तपासणीस जाणे इष्ट. शस्त्रक्रियेनंतर किमान पहिले काही आठवडे धुळीपासून दूर राहता येत नसेल आणि तशी रजा मिळणार नसेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणेच शहाणपणाचे ठरते.

ऋतूचाही विचार आवश्यक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब व हरियाणात भाताचे खुंट जाळल्याने धूर दाटतो, आणि पुढे डिसेंबर-जानेवारीत धुके उतरते. निरोगी डोळ्यांचीही या काळात आग होते. ज्यांचे मज्जातंतू नुकतेच कापले गेले आहेत, अशा डोळ्यांना तो काळ अधिक जाचक ठरणार, हे उघड आहे.

राष्ट्रीय महामार्ग ४४ हा शहरातून जातो. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते; ती लेसरने घडवलेल्या भागाच्या कडेपर्यंत पोहोचली, तर समोरून येणाऱ्या मालमोटारींचे दिवे फाकलेले दिसतात. नव्या यंत्रांमुळे हा त्रास घटला असला, तरी तो नाहीसा झालेला नाही. मालमोटारचालक, टॅक्सीचालक आणि रात्रपाळीचे कामगार यांनी अंधारात आपली बाहुली किती मोठी होते, हे मोजून घेण्याचा आग्रह धरावा आणि त्यानुसार सल्ला मागावा.

हरियाणात कुस्ती, कबड्डी आणि मुष्टियुद्ध यांची परंपरा मोठी आहे. लॅसिकचा पापुद्रा शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही आघाताने सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. प्रतिस्पर्ध्याचे बोट डोळ्यात जाण्याचा संभव असलेल्या खेळाडूंना त्यामुळे सामान्यतः पापुद्रा नसलेली पद्धत सुचवली जाते.

सैन्यभरतीची घाई

या भागातील अनेक तरुण चष्म्यामुळे भरतीत अडसर येऊ नये म्हणून लेसरकडे वळतात. येथे घाई सर्वाधिक नडते. संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेच्या अधिसूचनांसोबत प्रसिद्ध होत आलेल्या वायुसेनेच्या निकषांत अशा शस्त्रक्रियेस मुभा असली, तरी तिला अटी आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी वय २० वर्षांहून कमी नसावे, त्यानंतर किमान १२ महिने निर्विघ्न गेलेले असावेत, मूळ नंबर सहाहून अधिक नसावा आणि शस्त्रक्रियेनंतर पारपटलाची जाडी ४५० मायक्रोनहून कमी नसावी, या त्यांतील प्रमुख होत.

वर दिलेल्या उदाहरणांतील पहिल्या डोळ्याची जाडी शस्त्रक्रियेनंतर ४८४ मायक्रोन राहील. दुसऱ्याची ३७८ वर येईल. दुसरा तरुण चष्मा सोडून बसेल, आणि तरीही अपात्र ठरेल. अठराव्या वर्षी शस्त्रक्रिया करून घेणारा तर वयाच्या अटीवरच बाद होईल. सेनादल, शाखा आणि पद यांनुसार निकष बदलतात. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी संबंधित भरतीची ताजी अधिसूचना मुळातून वाचणे अनिवार्य आहे. शस्त्रक्रिया लपवण्याचा प्रयत्नही व्यर्थ असतो, कारण पारपटलाचा नकाशा ती सहज उघड करतो.

कोणी थांबावे, कोणी टाळावे

पुढील व्यक्तींनी शस्त्रक्रिया टाळावी अथवा लांबणीवर टाकावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते:

- १८ वर्षांखालील, तसेच गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्याहून अधिक बदललेल्या व्यक्ती
- गरोदर अथवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया. संप्रेरकांमुळे या काळात नंबर तात्पुरता बदलू शकतो
- केरॅटोकोनस असलेल्या किंवा कुटुंबात त्याचा इतिहास असलेल्या व्यक्ती
- मुळातच तीव्र कोरडेपणा असलेल्या, नागिणीच्या विषाणूमुळे डोळ्याचा विकार होऊन गेलेल्या व्यक्ती
- अनियंत्रित मधुमेह, संधिवातासारखे स्वप्रतिकार विकार, अथवा जखम भरण्यास बाधा आणणारी औषधे चालू असलेल्या व्यक्ती

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मोजमापाआधी मऊ लेन्स किमान दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन ते चार आठवडे बंद ठेवावी लागते. लेन्सच्या दाबाने पारपटलाचा आकार बदललेला असतो, आणि चुकीच्या मापावर बेतलेली शस्त्रक्रिया चुकीचाच निकाल देते. सकाळी लेन्स काढून दुपारी तपासणी आणि सायंकाळी शस्त्रक्रिया असे वेळापत्रक कोणी सुचवल्यास तेथून निघून येणे उत्तम.

लेसर जे बदलू शकत नाही

चाळिशीनंतर जवळचे वाचण्यासाठी लागणारा चष्मा लेसरने टळत नाही. डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयपरत्वे ताठ होते, आणि लेसर त्या भिंगाला स्पर्शही करीत नाही. किंबहुना, कमी उणे नंबर असलेली व्यक्ती चाळिशीनंतर चष्मा काढून सहज वाचू शकते. शस्त्रक्रियेनंतर ती सोय नाहीशी होते. वयाच्या ३८ व्या वर्षी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला चष्म्यापासून मिळणारी मुक्ती त्यामुळे अल्पकाळाची असू शकते.

अधिक उणे नंबर असलेल्या डोळ्याचा पडदा ताणलेला असतो. लेसरनंतर नंबर शून्य झाला तरी पडदा फाटण्याचा अथवा सुटण्याचा धोका पूर्ववत राहतो. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके नाचू लागणे किंवा प्रकाशाचे लखलखाट दिसणे, असे झाल्यास तातडीने तपासणी हवी.

पारपटल पातळ झाल्याने डोळ्याचा दाब यंत्रावर प्रत्यक्षाहून कमी दिसतो आणि काचबिंदूचे निदान लांबू शकते. उतारवयात मोतीबिंदू काढताना बसवायच्या भिंगाची शक्ती ठरवणेही अवघड होते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, जाडी आणि नकाशा यांचे कागद जन्मदाखल्याइतक्याच काळजीने जपून ठेवावेत. वीस-तीस वर्षांनी त्यांची गरज पडेल.

खर्च, विमा आणि संमती

ही शस्त्रक्रिया ऐच्छिक मानली जात असल्याने आरोग्यविम्यात तिचा खर्च सहसा मिळत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवलेल्या प्रमाणित अपवादांनुसार, ७.५ पेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च वगळता येतो. म्हणजेच ज्यांच्यासाठी शस्त्रक्रिया सर्वांत सुरक्षित, त्यांना ती बहुधा स्वखर्चानेच करावी लागते. खर्चाचा अंदाज बांधताना तपासण्या, थेंब, नंतरच्या भेटी आणि गरज पडल्यास दुसऱ्यांदा करावी लागणारी दुरुस्ती यांचा समावेश आहे किंवा नाही, हे लेखी विचारून घ्यावे.

पानिपतहून दिल्ली सुमारे ९०, रोहतक सुमारे ७० आणि चंडीगड सुमारे १६० किलोमीटर अंतरावर आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र, रोहतकच्या शासकीय वैद्यकीय संस्थेतील प्रादेशिक नेत्रसंस्था आणि चंडीगडच्या पीजीआयमधील प्रगत नेत्रकेंद्र या सार्वजनिक संस्था त्यामुळे एका दिवसाच्या प्रवासात येतात. खासगी रुग्णालयाने होकार दिल्यानंतरही, विशेषतः जाडी अथवा नकाशा सीमारेषेवर असल्यास, अशा ठिकाणी दुसरे मत घेणे शक्य आहे.

संमतीपत्र ही केवळ औपचारिकता नव्हे. १६ जानेवारी २००८ रोजी समिरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, उपचाराचे स्वरूप, लाभ, पर्याय, ठळक धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती दिल्यावरच मिळालेली संमती वैध ठरते, असे स्पष्ट केले. शुल्क आकारून दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे त्याच न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले होते. शस्त्रक्रियेच्या मेजावर जाण्याआधी काही मिनिटे घाईने पुढे केलेला कागद या कसोटीस उतरत नाही. तो आदल्या भेटीत मागून घरी वाचणे हा रुग्णाचा अधिकार आहे.

नकार हाही एक लाभ

तपासणीअंती नकार मिळालेल्या व्यक्तीस बहुधा निराशा येते. वास्तविक पारपटल पातळ आहे अथवा त्याचा आकार संशयास्पद आहे, हे वेळीच कळणे हाच त्या तपासणीचा सर्वांत मोठा लाभ होय. अशांसाठी काही वेळा नैसर्गिक भिंगापुढे आणखी एक कृत्रिम भिंग बसवण्याचा पर्याय असतो. त्यात पारपटल तासले जात नाही आणि गरज पडल्यास भिंग काढताही येते. मात्र ती डोळ्याच्या आत शिरून केलेली शस्त्रक्रिया असल्याने तिचे मोतीबिंदूसारखे स्वतंत्र धोके आहेत. दुसरा पर्याय अर्थातच चष्म्याचा.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत: माझ्या पारपटलाची जाडी किती, शस्त्रक्रियेनंतर किती उरेल, नकाशा निर्दोष आहे काय, माझ्या डोळ्यांत अश्रू पुरेसे आहेत काय, माझ्या कामासाठी कोणती पद्धत योग्य, आणि गुंतागुंत झाल्यास पुढील वर्षभर उपचार कोण करणार? या प्रश्नांना आकड्यांत आणि शांतपणे उत्तरे मिळाली, तर लाभाचे पारडे बहुतेकांसाठी जड आहे. उत्तरांऐवजी सवलतीची मुदत सांगितली जात असेल, तर चष्मा काही महिने आणखी वापरल्याने डोळ्यांचे काहीही नुकसान होत नाही.